पाण्यात पाहणं

सासूबाई सुनेला पाण्यात पाहतात, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि गल्ली अगदीच खोटं बोलत नव्हती. द्वेष वगैरे नव्हता हो. पण दोघींचं जमत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. खाली सासूबाईंचं रफूचं दुकान, म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि मान वाकडी होणारा एक दिवा. वर दोन खोल्यांचं घर. मुलगा जहाजावर नोकरीला. तो घरी यायचा तेव्हा झोपायचा, आणि झोप झाली की परत जायचा. मग उरल्या या दोघी.

सून मोटार चालवायला शिकवायची. तिला सगळे मास्तरीण म्हणत, पुढे पुढे सासूबाईही म्हणायला लागल्या. शिकवायच्या गाडीत मास्तरणीच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तिने आपला दाबायचा आणि गाडी जागच्या जागी उभी. एकदा हौसेने ती म्हणाली, "आई, तुम्हाला शिकवते. फुकट." सासूबाई बसल्या, आणि तिथेच माशी शिंकली. त्यांचं स्टिअरिंग छान, क्लच छान, पण आरशात म्हणून बघायच्या नाहीत. मागे काय आहे ते आपल्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" असं त्या ऐटीत म्हणायच्या आणि गाडी मागे घ्यायच्या. खाडकन ब्रेक लागायचा.

"आई, आरसा काय तुमच्या सासूबाई बघणार?"

"त्या वर गेल्या. तिथून बघतायत त्या. तू आधी पाय काढ."

"आधी आरसा."

असं चार-सहा वेळा झालं आणि सासूबाईंनी शिकणंच सोडलं. लेकीला फोनवर म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास म्हणून नाही गं कुणाचा. सारखा आपला ब्रेकवर पाय." मास्तरीण शेजारच्या खोलीतच होती. लेकी बोले सुने लागे. तिने ऐकलं आणि भांडी जरा जोरात ठेवली.

मग मास्तरणीची झोप उडाली. दिवसभर गाडीत, रात्रभर खिडकीत. आधी सासूबाईंना वाटलं, नवऱ्याची आठवण येत असेल. मग ती उष्टावलेला कप हुंगायला लागली. मग एका दुपारी दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना खाली आली आणि सरळ म्हणाली, "तुम्ही माझ्या चहात काहीतरी घालता. मला माहितीये. तुम्ही त्या नाहीच. त्यांच्यासारख्या दिसता फक्त."

गिऱ्हाइकं हातातल्या कोटाच्या बाहीत डोकं घालून उभी राहिली. सासूबाईंच्या हातात सुई होती, ती तशीच राहिली. चाळीस वर्षं जिथे मान खाली घालून काम केलं त्या खिडकीत भरदिवसा असं ऐकून घ्यायचं? त्यांनी अबोला धरला. ताट वाढून ठेवायचं, झाकायचं आणि आपल्या खोलीत जायचं. लेक फोनवर म्हणाली, "नाटकं आहेत आई. तिला वेगळं राहायचंय, म्हणून चाललंय सगळं. मुळीच बोलू नकोस." सासूबाईंना तो सल्ला गोड लागला. आपल्याला हवं तेच कुणी सांगितलं की तो सल्ला नेहमीच गोड लागतो.

अबोला चालू असतानाच ते घडलं. मास्तरणीने भर चौकात ब्रेक दाबला आणि पाय काढेचना. शिकणारी बाई रडकुंडीला आली, मागे गाड्यांची रांग लागली, माणसं काचेवर ठोकू लागली. मास्तरीण समोर बघत एकच शब्द म्हणत होती, "थांबा. थांबा. थांबा." चौघांनी मिळून तिला उतरवलं तेव्हासुद्धा पाय ताठच होता.

हॉस्पिटलात मेंदूची डॉक्टरीण आली. वयाने सासूबाईंच्या लेकीएवढी, पण बोलायला घाई फार. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नाही. रक्त तपासलं, तेही ठीक. सासूबाईंच्या मनात आलं की फोटो ठीक, रक्त ठीक, म्हणजे लेक म्हणते तेच खरं. तेवढ्यात डॉक्टरीण म्हणाली, "आता पाण्यात पाहायला हवं."

"म्हणजे? तुम्हाला कुणी सांगितलं?" सासूबाई एकदम ताठ झाल्या.

"काय सांगितलं?"

"मी हिला पाण्यात पाहते म्हणून. गल्लीतलं कोणी येऊन गेलं का इथे?"

डॉक्टरीण आधी गोंधळली, मग हसली. त्या कामाच्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू असावं. "तसं नाही हो आजी. मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात पाणी असतं. सुईने थोडं काढून तपासायचंय."

पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हे सासूबाईंनी कितीदा तरी ऐकलेलं. त्यांनी जहाजावर फोन लावला. बऱ्याच खरखरीनंतर मुलगा म्हणाला, "आई, मी इथून काय सांगू? तू तिथे आहेस. तू ठरवशील ते." वा रे पठ्ठ्या! ज्यांचं आपसात पटत नाही, त्यातल्या एकीच्या हातात दुसरीचा जीव देऊन मोकळा झाला. सासूबाईंनी सही केली.

मास्तरणीला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घेतले. सासूबाई पडद्याच्या अलीकडे उभ्या होत्या. बाहेर येणाऱ्या नर्सच्या हातातली बाटली त्यांनी मागून घेतली आणि सवयीने खिडकीच्या उजेडाला धरली. कापड असंच धरून बघतात, बारीकसं भोकही उजेडात दिसतं. पाणी नितळ होतं, नळाचंसुद्धा इतकं नसतं.

"स्वच्छ तर आहे की!"

"डोळ्यांना नाही दिसत आजी," नर्स बाटली काढून घेत म्हणाली. "वरच्या मजल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. लवकर न्यावं लागतं, नाहीतर पेशी विरघळून जातात."

दुपारी डॉक्टरीण जिन्यावरून धावत खाली येत होती. कुठेतरी कुणाचं तरी जास्त बिनसलं होतं. सासूबाई आडव्या आल्या. ती न थांबता म्हणाली, "पाण्यात पेशी वाढल्यात. औषध चालू करतोय. मी नंतर येऊन बोलते." आणि गेली.

पेशी वाढल्या! सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले. कारण पेशींचं त्यांना सगळं ठाऊक होतं. गेल्या वर्षी मास्तरणीला ताप आला होता तेव्हा आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. आज पेशी किती, काल किती, किती घसरल्या. फळांचे रस काढून काढून सासूबाईंचं मनगट दुखलं होतं. आणि एका सकाळी "पेशी वाढल्या" म्हणताच जहाजावरचा मुलगा फोनवर रडला होता, शेजारीण मिठी मारून गेली होती. कुणाच्याही घरी विचारा, पेशी कमी म्हणजे घोर आणि पेशी वाढल्या म्हणजे सुटलो. यात शिकायचं काय आहे?

त्यांनी फोन सुरू केले. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बघ! म्हटलं नव्हतं? घरी घेऊन ये." शेजारणीला सांगितलं. जहाजावर निरोप ठेवला, "पेशी वाढल्या, काळजी करू नकोस."

म्हणून संध्याकाळी धाकटा डॉक्टर सहीला आला तेव्हा त्याची गाठ एका सुखात असलेल्या बाईशी पडली. तो बिचारा नवा. म्हणाला, "आजी, हे औषध जरा जोरकस आहे. याने पेशी दाबल्या जातात."

"काय केल्या जातात?"

"दाबल्या. कमी करायच्यात आपल्याला."

"वाढल्यात ना?"

"हो, म्हणूनच तर."

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? आत्ता कुठे वाढल्या आणि तुम्ही कमी करताय? बिल वाढवायचे धंदे सगळे! मी नाही सही करणार. मोठ्या डॉक्टरांना बोलवा."

मोठी डॉक्टरीण दुसऱ्या इमारतीत एका मरणाच्या दारातल्या माणसासाठी झुंजत होती. धाकट्याने परत परत सांगितलं, पण तो 'पेशी' म्हणाला की सासूबाईंना तापातली मास्तरीण दिसायची, आणि तो 'दाबायच्या' म्हणाला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. तो हात टेकून गेला. सासूबाई खाटेशी बसल्या. आपण सुनेच्या बाजूने भांडलो, याचं त्यांना मनातून बरं वाटत होतं. अबोला धरल्याची थोडी भरपाई झाली, असंही वाटलं.

दिवेलागणीनंतर मास्तरणीचा जबडा घट्ट मिटला. डोळे वर गेले. सगळं अंग खाटेवर आपटायला लागलं, लोखंड खणखणलं. सासूबाई किंचाळल्या. नर्सा धावल्या, पडदे ओढले गेले, पडद्याबाहेर त्यांना कुणीतरी धरून ठेवलं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पुष्कळ वेळाने सगळं शांत झालं, आणि ती शांतता त्या आवाजापेक्षा वाईट होती.

सकाळी डॉक्टरीण आली. रात्रभर जागी, केस विस्कटलेले. ती सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसली, आणि या वेळी तिला घाई नव्हती.

"आजी, तुम्ही सही केली नाहीत म्हणे. का?"

सासूबाईंनी तापाचं सांगितलं, रसाचं सांगितलं, पेशी वाढल्याचा आनंद सांगितला. सांगता सांगताच समोरच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते त्यांना दिसायला लागलं.

"चूक माझी आहे," डॉक्टरीण म्हणाली. "जिन्यात धावता धावता सांगायची गोष्ट नव्हती ती. तापात कमी होतात त्या पेशी वेगळ्या, रक्त गोठवणाऱ्या. या वेगळ्या. नाव मात्र आपण सगळ्यांना एकच ठेवलंय. या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराच्या राखणदार. रक्तात त्या हव्यातच, आणि हिच्या रक्तात आहेत तशाच आहेत. पण या पाण्यात त्यांचं काम नसतं. एखाददुसरी सापडते, बस. हिच्या पाण्यात घोळका सापडलाय."

"चोर आला असेल आत. म्हणून गेल्या असतील."

"तेच आधी पाहिलं. जंतू सापडत नाहीत. आणखी तपासण्या बाहेर पाठवल्यात, त्यांना दिवस लागतील, तोवर थांबता येणार नाही. आमचा अंदाज आहे की त्या हिच्या मेंदूवरच उठल्यात. आपल्याच माणसाला परकं समजून."

सासूबाई म्हणाल्या, "कुंपणच शेत खातंय म्हणा की."

"अगदी."

"आणि ती मला म्हणायची, तुम्ही त्या नाहीच. चहात काहीतरी घालता..."

"तो आजार बोलत होता."

"मला वाटलं, तीच बोलतेय." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी अबोला धरला हो. ती आजारी पडत होती आणि मी ताट झाकून खोलीत जात होते. आणि काल सही... कालच केली असती तर हे झटके आले नसते?"

"कदाचित आले असतेच. मला ते सांगता येणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. खोटा दिलासा तिने दिला नाही, आणि सासूबाईंना त्याबद्दल ती आवडली. त्यांनी सही केली.

औषध सुरू झालं. मग दुसरं, मग रक्त गाळून परत अंगात सोडायचं एक यंत्र. आठवडे गेले. झटके थांबले, पण मास्तरीण अंथरुणात पडून छताकडे बघायची. बोलणं नाही, ओळख नाही. भरवलं तर खायची. कधीकधी चादरीखाली तिचा उजवा पाय पुढे सरकायचा आणि दाबून धरायचा. सासूबाई रफूचं काम तिथेच घेऊन बसायच्या. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोकावर ताणा घालायचा, म्हणजे रंग तंतोतंत जुळतो. काम करता करता त्या बोलायच्या. अबोल्यात साठलेलं सगळं बोलून टाकायच्या. एकदा सुई खाली ठेवून म्हणाल्या, "चुकले गं. तू तशी नाहीस, हे मला कळायला हवं होतं. तुझ्या डोक्याने मला परकं केलं, त्याला औषध तरी आहे. मी शहाणी असून तुला परकं केलं." मास्तरणीने छतावरची नजर हलवली नाही.

पुन्हा पाठीतलं पाणी काढलं. या वेळी सासूबाई जिन्याशीच उभ्या राहिल्या. डॉक्टरीण आली, थांबली, नीट समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "पाण्यात एकही पेशी नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"देवा रे! एकही नाही!" सासूबाई ओरडल्या आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडल्या. बाकावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. ते लगबगीने उठून आले. "धीर धरा बाई. आमच्या पुतण्याच्या पण पार गेल्या होत्या पेशी. फळांचा रस द्या, चढतील." सासूबाईंना रडता रडता हसू फुटलं. काय सांगणार त्यांना? "देते हो," त्या म्हणाल्या.

पण हसू खोलीच्या दारापर्यंतच टिकलं. आत मास्तरीण तशीच होती.

"पाणी स्वच्छ झालं," डॉक्टरीण म्हणाली. "माणूस मागाहून येतो. काही लवकर येतात, काही महिन्यांनी. काही पूर्ण येत नाहीत. ही किती येईल, ते पाण्यात दिसत नाही आजी. आता घरी न्या. ओळखीच्या जागा, ओळखीचे आवाज. तेवढंच."

घरी न्यायला मोटार शाळेतले दुसरे मास्तर शिकवायचीच गाडी घेऊन आले. हॉस्पिटलच्या मागच्या मोकळ्या आवारात त्यांनी ती उभी केली आणि औषधं घ्यायला आत गेले. "दहा मिनिटांत येतो," म्हणाले, म्हणजे अर्धा तास. नर्सने मास्तरणीला तिच्या नेहमीच्या जागी, चालकाच्या शेजारी बसवून दिलं, पट्टा लावला. ती समोर बघत राहिली. ऊन नेमकं तिच्या डोळ्यांवर येत होतं. तिने डोळे मिटले नाहीत की मान वळवली नाही. उन्हाकडे तशीच बघत होती.

ते सासूबाईंना बघवेना. आपल्या हाताने सावली करून पाहिली, किती वेळ करणार? मागे चार हातांवर भिंतीची चांगली सावली होती. किल्ली लटकत होती. सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, लुगडं आवरलं आणि चालकाच्या जागी जाऊन बसल्या. एवढीशी तर गाडी मागे घ्यायची. क्लच दाबला, किल्ली फिरवली, गियर टाकला, पाय हळूहळू सोडला. गाडी मागे सरकायला लागली. आरशात बघण्याचा प्रश्नच नव्हता. मागे काय आहे ते त्यांना माहीत होतं.

खाडकन गाडी थांबली. सासूबाईंचं कपाळ पुढे गेलं. त्यांना वाटलं, बंद पडली. पण इंजिन मागाहून थरथरून गप्प झालं होतं, गाडी त्याच्या आधीच थांबली होती. त्यांनी खाली पाहिलं. मास्तरणीचा पाय तिच्या ब्रेकवर होता. चादरीखाली आठवडेच्या आठवडे जो हवा दाबत होता, तोच पाय.

सासूबाईंनी वर पाहिलं.

मास्तरणीची मान सावकाश वळली. ती सासूबाईंकडे बघत होती. छतासारखं नाही, माणसाकडे बघतात तसं. ओठ हलले, आवाज गंजलेला, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

"आई... आरसा काय... तुमच्या सासूबाई बघणार?"

सासूबाईंनी तिचा हात धरला, कपाळाला लावला, परत धरला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. या एका ब्रेकपायी त्यांनी लेकीकडे किती चुगल्या केल्या होत्या! "आई म्हणालीस," त्या म्हणाल्या. "मीच आहे गं. मीच आहे ती. दुसरी कोणी नाही."

मास्तरणीला तेवढ्यानेच थकवा आला होता. डोळे मिटत होते, पुन्हा उघडत होते. ऊन अजून तिच्या चेहऱ्यावर होतं.

"सावलीत घेते गाडी. पाय काढ बरं आता."

मास्तरणीने पाय काढला नाही.

"आधी आरसा," ती म्हणाली.

सासूबाईंनी डोळे पुसले, मान वर केली आणि आरशात पाहिलं. गाडीच्या अगदी मागे, हातभरही नाही इतक्या जवळ, धुतलेल्या चादरींनी भरलेली एक ढकलगाडी उभी होती.